सहा जणांची मुख्य

४ मार्च

आज माझ्याकडून मजला काढून घेतला. शब्द कडक आहे, पण दुसरा सुचत नाही, आणि ही वही माझी आहे.

रुग्णालयाचे नवे संचालक डॉ. इतुर्राल्दे राजधानीतून, मोन्तेविदेओहून येऊन दोन महिनेही झाले नाहीत. केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची स्वतः पुढे सरकवली, तेव्हाच मी समजले की काहीतरी काढून घेणार आहेत. तेवीस माणसांवर एकच मुख्य नर्स असणं त्यांना पटत नाही. लहान तुकडी करून बघायची म्हणतात. पुरुष विभागात सहा जण आणि त्यांची मुख्य मी. बाकीचा मजला आहे तसाच राहणार आणि तो ग्रिसेल बघणार. ऑगस्टअखेर बैठक. लहान तुकडी जमली तर सगळ्या मजल्याच्या अशाच तुकड्या पाडणार आणि मजल्याच्या मुख्यबाई हे पदच कायमचं जाणार. नाही जमली तर मजला परत माझा.

ग्रिसेल माझी दुय्यम. तिला शीर शोधायला मी शिकवलं.

अकरा वर्षं मी हा मजला चालवला. जिन्यात माझ्या बुटांचा आवाज आला की वॉर्ड चिडीचूप होतो. कोणी उलटून बोलल्याचं आठवत नाही. आणि औषधाची चूक? एकही नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "अकरा वर्षांत एकही नाही?" मी म्हटलं, एकही नाही. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.

घरी बहिणीला, चेलाला, सांगितलं तर ती म्हणते, "बरं झालं नेल्बे, तेवढाच घसा वाचेल." तिला काय कळतंय. ती आयुष्यभर टपाल कचेरीत बसली.

५ मार्च

माझं सैन्य असं. मिर्ता, सगळ्यांत जुनी सहायक. कामाला वाघ, पण हिच्या तोंडात जीभ आहे की नाही याची मला आठ वर्षं शंका आहे. मग वॉशिंग्टन. नाव राष्ट्राध्यक्षाचं आणि चाल गोगलगाईची. आईबाप हौसेने नाव ठेवतात आणि निस्तरावं आम्हाला लागतं. त्याने अँब्युलन्सवर बदली मागितली आहे, अर्ज मंजुरीला पडलाय. मोकळ्या हवेत काम करायचंय म्हणतो. उरलेल्या चौघी तरुण आहेत. त्यांची नावं पाठ करायला हवीत. तेवीस जणांत एवढी नावं कोण लक्षात ठेवणार? "अगं ए, खिडकीकडची" म्हटलं की काम भागायचं.

पहिल्याच दिवशी मातेवरून, म्हणजे आमच्या त्या कडू पाल्याच्या चहावरून, गोंधळ झाला. पूर्वी मिर्ता माझी भोपळ्याची कुपी भरून माझ्या टेबलावर आणून ठेवायची. बाकीचे आत स्वयंपाकघरात आपापली टोळकी करून माते पीत. मी गेले की हसणं थांबायचं आणि सगळे कामाला लागायचे, इतकी शिस्त. आता आमच्या वाट्याला एकच खोली आणि एकच टेबल आलंय. प्यायचं तर सगळ्यांनी मिळून. वॉशिंग्टनने उकळतं पाणी थेट पाल्यावर ओतलं. पाला जळला, फेस गेला, चव गेली. मी त्याच्या हातून थर्मास घेतला. आजपासून मी ओतणार.

विचार केला तर हे सोयीचंच आहे. ओतणाऱ्याने पहिला कडू घोट स्वतः प्यायचा, मग एकच कुपी, एकच नळी, एकेकाला भरून द्यायची, रिकामी परत घ्यायची, पुढच्याला भरायची. म्हणजे प्रत्येक जण रोज दोनतीनदा माझ्यासमोर हात पुढे करणार. चेहरा जवळून बघता येतो. कोण झोपलं नाही, कोण रडून आलंय, कोण काय लपवतंय. देखरेखीला याहून चांगली जागा नाही. तेवीस जणांत हे कसं जमणार होतं? एक थर्मास सहाव्या माणसाशी संपतो.

२१ मार्च

आज लुसियाने (खिडकीकडची ती हीच) मातेच्या वेळी स्वतःहून सांगितलं की दुसऱ्या खाटेच्या आजोबांची रक्तदाबाची गोळी तिच्याकडून फार उशिरा दिली गेली.

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी तोंड उघडलंही होतं. काय बोलायचं ते अकरा वर्षांच्या सरावाने जिभेवर तयार होतं. पण कुपी माझ्या हातात होती, अर्धी भरलेली, आणि पुढची पाळी मिर्ताची. ओतणाऱ्याने मधेच थांबायचं नसतं. पाणी निवतं, पाला भिजून मऊ पडतो, आणि ज्याची पाळी त्याचा अपमान होतो. माझ्या आईने मला हे चालायच्या आधी शिकवलं असेल. म्हणून मी भरली, मिर्ताला दिली. परत आली, वॉशिंग्टनला दिली. कुपी फिरून लुसियापर्यंत पोचली तेव्हा मला काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं होतं. मी एवढंच विचारलं की उशीर का झाला.

कारण निघालं ते असं की त्याच वेळी दोन पेशंटना संडासला न्यावं लागतं आणि ती एकटी पडते. मिर्ता म्हणाली की तेवढा वेळ ती येईल. मिर्ता बोलली.

तरी एक नोंद माझी. तुकडी होऊन महिना नाही झाला आणि एक चूक झाली. माझ्या मजल्यावर असं घडलं नव्हतं.

१६ एप्रिल

लाज वाटते लिहायला. आणखी चार. एकाला दुसऱ्याचं जेवण गेलं, एकाची सलाइन संपून तशीच लटकत राहिली, असल्या गोष्टी. कोणाला काही झालं नाही, पण झाल्या ना. आणि ही माणसं इतकी निर्लज्ज झालीत की हातात कुपी येते न येते तोच सांगायला लागतात. काल वॉशिंग्टनने तर "थांब, आधी माझी पाळी" म्हणून लुसियाला गप्प केलं, कारण त्याला त्याची चूक आधी सांगायची होती.

नियमाप्रमाणे मी सगळं डॉक्टरांना कळवते. मान खाली घालून गेले. ते ऐकताना हसत होते. नंतर म्हणाले, "नेल्बाबाई, अजून येऊ द्या." ही थट्टा मला आवडली नाही.

बाहेर ग्रिसेल भेटली. तिच्याकडे शून्य. तिने ते व्हरांड्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. माझीच शिकवण, माझाच आवाज. राग आला आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

२९ मे

आज एकोणतीस, दर महिन्याचा न्योकीचा दिवस, म्हणून चेलाने बटाट्याच्या न्योकी केल्या, शेजारीण आली, पोटभर जेवलो. म्हणून उशिरा लिहायला बसले.

एक गोष्ट मला उलगडत नाही. मेअखेर थंडी सुरू झाली की दरवर्षी अर्ध्या लोकांना ताप येतो, म्हणजे फोनवर येतो. यंदा माझ्या सहांतलं कोणी घरी राहिलं नाही. लुसिया खोकत आली, तिला मीच हाकलून दिलं. तिच्या घरी शेगडी नसावी. ग्रिसेलच्या बाजूला मात्र परवा पाच जणी गैरहजर.

आणि वॉशिंग्टनने अँब्युलन्सचा अर्ज मागे घेतला. मी कारण विचारलं तर खांदे उडवले. त्या गाडीचं इंजिन जुनं झालंय असं सगळेच म्हणतात, त्यामुळेच असेल. बदली द्यायच्या आधी मला विचारावंच लागलं असतं, नाही म्हणणारच होते मी. गोगलगाय असला तरी कुठल्याही आजोबांना कुशीवर वळवताना त्याचा हात लागत नाही असं वाटतं, इतका हलका. हे मला मार्चआधी माहीत नव्हतं.

८ जुलै

आठवडाभर लिहिलं नाही, कारण श्वास घ्यायला फुरसत नव्हती. छातीच्या आजाराची लाट आली. आमच्या विभागात खाटांच्या मधेही खाटा लावल्या. पाय ठेवायला जागा नाही, खिडक्यांवर बाष्प, सगळीकडे युकॅलिप्टसच्या वाफेचा वास.

आणि माझे सहा जण. मला लिहायचंच आहे म्हणून लिहिते. मी ओरडले नाही. ओरडावं लागलंच नाही. मी मान वळवायची आणि लुसिया तिथे पोचलेली असायची. मिर्ताने स्वतः ठरवून दोघींची ड्यूटी अदलाबदल केली आणि मला नंतर सांगितलं. पूर्वी मी तिला यासाठी उभी सोलली असती. यावेळी मी म्हटलं, बरं केलंस. एका नातेवाइकाने संत्र्यांची पेटी आणून दिली आणि म्हणाला, या बाजूला आलं की घरी आल्यासारखं वाटतं.

जिन्यावरून उतरताना माझी छाती दोन बोटं वर होती. असं मला तेवीस जणांची मुख्य असताना वाटायचं, पण ते वेगळं होतं. तेव्हा मला माझा अभिमान असायचा.

तरीही मजला मला परत हवाच आहे. ते पद माझं आहे. मिळालं की या सहा जणांना जवळच ठेवीन.

११ ऑगस्ट, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

आज गावातल्या दोन क्लबांची मॅच होती. चौथी खाट खिडकीजवळची. तिथे ओलिवेरा असतात, साखरेचे पेशंट. सहाव्या खाटेवर रुफिनो आजोबा, छातीचे. रेडिओ रुफिनोंचा, पण आवाज नीट येतो तो फक्त खिडकीशी. म्हणून दोघांनी कोणाला न सांगता खाटा बदलल्या. ओलिवेरा माणूस दिलदार.

मी इन्सुलिनची सुई भरून चौथ्या खाटेकडे गेले. मी मनगटावरची पट्टी वाचत नाही, नाव विचारत नाही. मला खाटा पाठ असतात आणि त्याची मला नेहमीच ऐट होती. नव्या मुलींना मी सांगायचे, ज्याला वाचावं लागतं तो नवशिका. आजोबा हनुवटीपर्यंत पांघरूण घेऊन, भिंतीकडे तोंड, रेडिओ कानाशी. मी पांघरूण सारलं, पोटाची कातडी चिमटीत धरली.

वॉशिंग्टनने माझं मनगट धरलं. घट्ट.

"बाई, थांबा. हे रुफिनो आहेत."

वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. मी चेहरा बघितला. रुफिनोच. त्या सुईने त्यांची साखर कुठे गेली असती, हे शिकाऊ पोरीलाही कळतं. मी आजोबांना विचारलं की तुम्ही का नाही बोललात. ते म्हणाले, "मोठ्या बाई स्वतः सुई घेऊन आल्या म्हणजे टोचायची असणारच. मी कोण विचारणार?"

वॉशिंग्टनने हात सोडला तेव्हा तो माझ्याहून पांढरा पडला होता. मी त्याला म्हटलं, जा, पाणी पी. धन्यवाद म्हणायचं राहिलं.

१२ ऑगस्ट

मातेच्या वेळी मीच सांगितलं. ही त्यांची रीत झाली आहे, मग मी कशी वगळणार? पहिला घोट घेतला आणि सांगितलं, काल मी चुकीच्या माणसाला इन्सुलिन देत होते, वॉशिंग्टनने हात धरला म्हणून वाचलो. कुपी भरून त्याला दिली. धन्यवादही म्हटलं. तो कानापर्यंत लाल झाला.

मग मी म्हटलं की अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून असं झालं. थोडं हसण्यावारी न्यायचं म्हणून म्हटलं.

कोणी हसलं नाही. मिर्ताची पाळी होती. तिने कुपी घेतली, प्यायली नाही. म्हणाली, "पहिल्यांदा नाही, बाई."

मी थर्मास टेबलावर ठेवला. यावेळी मी थांबले.

तिने तीन सांगितल्या. एक त्या शाळेच्या मास्तरांची, चुकीची बाटली लावली होती. मी पुढच्या खोलीत गेल्यावर मिर्ताने ती गुपचूप बदलली. दुसरी एका बाईच्या ॲलर्जीची. तिसरी मी इथे लिहिणार नाही. तिन्ही वेळा मिर्ताने किंवा दुसऱ्या कोणी माझ्यामागून येऊन सावरलं, आणि मी पुढे जाऊन दुसऱ्याच कोणाला तरी झापत होते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तुम्ही थांबायचात कुठे, बाई? तुम्ही पुढे चालत असायचात आणि आम्ही मागून. पाठीला काय सांगणार?" मग म्हणाली, "आणि आम्ही तेवीस जण होतो. मीच का बोलू, दुसरं कोणीतरी बोलेल, असं प्रत्येकीला वाटायचं. मलापण."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आठ वर्षं तोंडात जीभ ठेवून होती ती.

घरी येऊन खूप रडले. आधी मिर्ताचा राग आला, मग माझा. चेला काही न विचारता शेजारी बसून राहिली.

१९ ऑगस्ट

मी आता पट्ट्या वाचते. मोठ्याने, नावासकट, सगळ्यांसमोर. पहिल्या दिवशी लुसियाने चमकून बघितलं, आता ती पण तसंच करते. रुफिनो आजोबा घरी गेले. जाताना रेडिओ ओलिवेरांना देऊन गेले.

२९ ऑगस्ट

डॉक्टरांनी बैठकीआधी एकटीला बोलावलं. स्पष्ट बोलतो म्हणाले. बाहेरून तीन जणांची समिती येतेय आणि ते आकडेच बघतात. माझ्या सहा जणांच्या नावावर वीसच्या वर चुका, ग्रिसेलच्या मोठ्या तुकडीच्या नावावर शून्य. समिती लहान तुकडी बंद करायच्या विचारात आहे. डॉक्टर काय ते समजावून सांगायचा प्रयत्न करतील, पण ते नवे आणि वयाने लहान, त्यांचं कोण ऐकतंय.

थोडक्यात मी गप्प बसले की सोमवारपासून मजला माझा.

इतके महिने मला हेच हवं होतं. घरी येताना बस सोडून नदीकाठाने चालत आले. बुटांचा तो आवाज, जिन्यात सगळं शांत होणं, मला त्याची अजूनही फार आठवण येते. खोटं का लिहू.

३० ऑगस्ट

समितीतल्या बाईंनी आकडे वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. अनुभवी नर्सच्या हाताखाली एवढ्या चुका कशा, असं विचारलं. ग्रिसेल माझ्या समोर बसली होती, पाठ ताठ, मीच शिकवल्यासारखी.

मी उभी राहिले. बसून बोलता आलं असतं, पण मला उभं राहून सांगायचं होतं.

"बाई, माझ्याकडेही अकरा वर्षं शून्यच होतं," मी म्हटलं. "याच मजल्यावर, तेवीस माणसांत. त्या शून्याची मला फार घमेंड होती. या महिन्यात मी एका आजोबांना दुसऱ्याचं इन्सुलिन टोचत होते. माझ्या सहायकाने माझा हात धरला. तेवीस जणांत असता तर त्याने धरला नसता, आणि मला ते कळलंही नसतं. त्या वीस चुका माझ्या लोकांनी मला तोंडावर सांगितलेल्या आहेत. मला त्यांचा अभिमान आहे. वाटल्यास तो इन्सुलिनचा प्रकारही त्यांत मिळवा, माझ्या नावावर."

त्यानंतर बरंच बोलणं झालं. डॉक्टर बोलले, कागद दाखवले, गैरहजेरीचं काही सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही. शेवटी ठरलं ते असं की सगळ्या मजल्याच्या लहान तुकड्या होणार. मजल्याच्या मुख्यबाईंचं पद आजपासून नाही.

म्हणजे गेलं. मी स्वतःच्या तोंडाने घालवलं.

व्हरांड्यात बाकावर बसले. सगळे निघून गेले. ग्रिसेल तेवढी राहिली. मला वाटलं, टोमणा मारेल. तिलाही आता सहाच जण मिळणार, तिचंही मोठं राज्य गेलं. ती माझ्यासमोर उभी राहून हातातली किल्ली फिरवत होती. लहानपणी, म्हणजे शिकाऊ असताना, घाबरली की ती असंच काहीतरी हातात फिरवायची.

"नेल्बाबाई, मिर्ताने तुम्हाला तीन सांगितल्या ना?" ती म्हणाली. "मला आणखी पाच माहीत आहेत."

मी तिच्याकडे बघितलं. माझी दुय्यम होती ती, इतकी वर्षं माझ्या दोन पावलं मागे. झोंबलं. आणि त्याच वेळी, देवा शपथ, मनात आलं की काय नजर आहे या पोरीची.

बाकावरची माझी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि तिला जागा करून दिली.

"बस," मी म्हटलं. "पहिलीपासून सांग."

ती सांगत गेली. मी एकदाही मधे बोलले नाही.